धाकट्यांची सक्तीची विश्रांती

धाकटे पंचेचाळिशी ओलांडून गेले, मिशीत पांढरे केस दिसायला लागले, तरी आमच्या रस्त्यावर त्यांना अजून सगळे धाकटेच म्हणतात. कारण केशकर्तनालय मुळात त्यांच्या थोरल्या भावाचं. दादांनी ते उभं केलं, नावारूपाला आणलं, आणि धाकट्या भावाच्या हातात कंगवा देऊन त्याला शेजारच्या खुर्चीपाशी उभं केलं. पुढे एका पहाटे रस्ता ओलांडताना दादांना गाडीने उडवलं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून दुकान धाकटे चालवतात आणि दादा आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, भाऊ-भावजयीच्या घरात राहतात.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी तळमजल्यावर, अगदी जिन्याला लागून राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बहुतेक वेळ घरातच असतो, त्यामुळे जिन्यावर कोण चढलं, कोण उतरलं, हे मला पावलांवरून कळतं. दर रविवारी सकाळी मात्र एकाच जोडीच्या पावलांवर दोन माणसांचा भार यायचा. धाकटे दादांना पाठुंगळी घेऊन उतरायचे. जिन्याखाली ठेवलेल्या चाकांच्या खुर्चीत त्यांना बसवायचे आणि दुकानात घेऊन जायचे. दिवसभर दादा आरशाजवळच्या कोपऱ्यात बसून कात्र्यांना धार लावायचे, गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचे, कोणाच्या डोक्यावरचे केस किती मागे सरकलेत ते मोठ्याने जाहीर करायचे. संध्याकाळी पुन्हा तीच पाठ आणि तोच जिना. आठवड्यातून एकदाच ते घराबाहेर पडायचे, पण त्या एका दिवसावर उरलेला आठवडा काढायचे.

एका रविवारी परत चढताना पहिल्याच वळणावर धप्पकन आवाज झाला. मी दार उघडून धावलो. धाकटे गुडघ्यांवर बसले होते, एक हात कठड्याला, एक हात मागे दादांना सावरत. चेहरा पांढराफटक. दादा मात्र पायरीवर टेकून शांतपणे म्हणाले, "सर, या, बसा. आमची इथे सभा भरलीय."

मी आणि वरचे एक शेजारी, आम्ही दोघांनी मिळून त्यांना वर नेलं. कोणाला लागलं नव्हतं. पण घरात पोहोचल्यावर दादांची थट्टा संपली. "बस झालं, धाकल्या," ते म्हणाले. "आता मी खाली येणार नाही. तुझी पाठ मोडली तर दोघंही वरच बसू आणि दुकानाला कुलूप."

धाकट्यांनी खूप मनधरणी केली. पुढच्या रविवारी नवा सदरा आणून दाखवला. दादा जागचे हलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. गिऱ्हाइकं विचारत, "दादा कुठायत?" धाकटे म्हणत, "येतील." आणि आरशात त्या रिकाम्या कोपऱ्याकडे न बघता केस कापत राहत.

मग एक दिवस धाकटे जिममध्ये गेले.

चौकातल्या त्या जिममध्ये कोच एक तरुण मुलगी होती. लहानपणापासून भारोत्तोलनाच्या स्पर्धा खेळलेली, बोलायला मोकळी. तिने विचारलं, "काका, कशासाठी आलात? पोट कमी करायचंय?"

"माणूस उचलायचाय," धाकटे म्हणाले.

तिला वाटलं, कुस्ती खेळणार आहेत. मग धाकट्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि गंभीर झाली. "होईल," ती म्हणाली. "पण आठवड्यातून तीनच दिवस यायचं. मधले दिवस आराम. घाई केली तर काही हाती लागणार नाही."

धाकट्यांनी मान डोलावली. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते न ऐकता मान डोलावायची त्यांना धंद्यामुळे सवयच होती.

पहिला महिना फार छान गेला. धाकट्यांची छाती पुढे आली, चाल बदलली. दाढी करताना ते मला दंड दाबून बघायला सांगायचे. "सर, बघा, दगड!" मी दाबायचो आणि म्हणायचो, दगडच. पण या यशाने त्यांच्या डोक्यात हवा शिरली. तीन दिवसांत एवढं होतं, तर सात दिवसांत किती होईल, असा साधा हिशेब त्यांनी मांडला. कोच सकाळी असायची. म्हणून ज्या दिवशी तिने आराम सांगितला त्या दिवशी ते संध्याकाळी जायचे, जेव्हा दुसराच मनुष्य ड्यूटीवर असे. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून, पाण्याचे भरलेले कॅन दोन्ही हातांत धरून उठाबशा काढायला लागले. घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, मेहनतच तर करतोय, असं त्यांचं म्हणणं.

पुढे जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी त्यांची झोप गेली. अंग इतकं दमलेलं असायचं, की खरं तर आडवं होताच डोळा लागायला हवा. पण ते या कुशीवरून त्या कुशीवर वळत पडायचे, आणि सकाळी उठताना कोणीतरी रात्रभर बडवून काढल्यासारखं वाटायचं. मग भूक गेली. वहिनी ताट वाढायच्या आणि अर्धं ताट तसंच परत न्यायच्या. सर्दी झाली ती बरीच होईना. आणि जो माणूस आयुष्यात गिऱ्हाइकाला उलट शब्द बोलला नव्हता, तो एकदा एका म्हाताऱ्यावर खेकसला, "हलू नका हो सारखं!" म्हातारा बिचारा शिंकला होता.

जिममध्येही गाडं उलटं फिरलं. महिन्यापूर्वी सहज उचललेलं वजन आता छातीपर्यंत येईना. धाकट्यांना एकच उपाय ठाऊक होता. त्यांनी मेहनत आणखी वाढवली.

आणि मग माझी पाळी आली. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो. धाकटे कानामागे वस्तरा फिरवत होते. एकदम चरचरलं. मी डोळे उघडले तर आरशात माझ्या मानेवरून रक्ताची बारीक धार उतरत होती, आणि मागे धाकटे स्वतःच्या हाताकडे बघत उभे होते. हात थरथरत होता. वस्तऱ्याचं पातं दिव्याच्या उजेडात लुकलुकत होतं, इतका.

"काही नाही हो," मी म्हणालो. "ओरखडा आहे."

त्यांनी तुरटी लावली, मान पुसली, पंचवीस वेळा माफी मागितली. बाकावर दोघं थांबले होते, त्यातला एक फोन कानाला लावून उठला आणि बाहेर गेला तो परत आला नाही. ज्या माणसाच्या हाती आपण गळा देतो, त्याचा हात कापतो हे बघितल्यावर कोण थांबेल? धाकट्यांनी वस्तरा मिटून खणात ठेवला. "आज फक्त कात्री," ते उरलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले.

त्याच रविवारी त्यांनी हट्टाने दादांसमोर पाठ केली. "बस. आज नेतोच."

दादांना त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही. ते पलंगाच्या कडेवरून त्यांच्या गळ्यात हात टाकून पाठीवर आले. धाकटे उठायला गेले. उठता येईना. पुन्हा जोर केला. पुन्हा खाली. दोन महिन्यांपूर्वी वळणापर्यंत चढवू शकणारा माणूस आता खोलीच्या दारापर्यंत जाऊ शकत नव्हता.

दादांनी गळ्यातले हात काढले नाहीत. त्यांच्या छातीला भावाचे खांदे लागले होते. "धाकल्या," ते म्हणाले, "तुझे खांदे उडतायत. ताप आहे का तुला?"

"नाही."

"मग काय चाललंय?"

तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाल्या, "दादा, मी सांगते. हे रोज जातात जिमला. आठवडाभर. वर दुकानात पाण्याचे कॅन घेऊन उठाबशा काढतात. समोरच्या शिंप्याने मला सांगितलं, त्याला वाटलं दुकानात पाणी तुंबलंय आणि हे उपसतायत."

दादा आधी हसले. इतके हसले, की पाठीवरून घसरून पलंगावर आडवे झाले. आणि मग भयंकर चिडले. ते ओरडले ते मला खाली ऐकू आलं.

"मूर्खा! हॉस्पिटलात मी काय केलं होतं, विसरलास? हात तरी लवकर बळकट व्हावेत म्हणून नर्स गेली की पलंगाच्या दांड्याला धरून अंग उचलत बसायचो. सारखा. खांदे असे सुजले की घास तोंडाशी जाईना. तूच भरवत होतास! तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम काय म्हणाल्या होत्या? स्नायूला काम दिलं की तो आतून थोडा झिजतो. झिजलेलं भरून येतं ते नंतर, तुम्ही निवांत पडलेले असताना. आणि भरून येतं ते आधीपेक्षा जास्त मजबूत. भरायला वेळच दिला नाही, तर रोज नुसतं झिजतच जाणार. तू शेजारी उभा राहून हो हो करत होतास तेव्हा."

"ते तुझ्यासाठी होतं," धाकटे पुटपुटले. "आजाऱ्यासाठी. मी धडधाकट आहे."

"होतास," दादा म्हणाले. "उद्या जा आणि त्या कोचला सगळं खरं सांग."

धाकटे गेले. चोरी कबूल करायला जावं तसे गेले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. कोच रागावली नाही. तिने त्यांची नाडी बघितली, झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "काका, आणखी एक सांगा. दुकानात दिवसभर हात कुठे असतात?"

"कुठे म्हणजे? गिऱ्हाइकाच्या डोक्यावर."

"म्हणजे खांद्याच्या वर. खाली कधी येतात?"

धाकट्यांनी विचार केला. "जेवताना. आणि झोपताना."

तिने कपाळाला हात लावला. "चूक माझीही आहे. पहिल्याच दिवशी हे विचारायला हवं होतं. तुमच्या खांद्यांना दुकानातच एवढा व्यायाम होतो आणि त्यावर तुम्ही रोज इथे येऊन पुन्हा खांदेच रगडता. शिवाय माणूस पाठीवर घेऊन जिना चढायचा तर जोर लागतो मांड्यांचा. खांद्यांचा नव्हे." मग ती म्हणाली, "आता दोन आठवडे इथे दिसायचं नाही. संध्याकाळीसुद्धा नाही. मी संध्याकाळच्या माणसाला सांगून ठेवणार आहे. चाला थोडं, पोटभर जेवा, आणि झोपा."

"मग माझी होती ती ताकदही जाईल की."

"जाणार नाही. परत येईल. येऊ द्या तिला."

शाळेतून नाव काढून टाकल्यासारखं तोंड करून धाकटे घरी आले.

स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना कधी जमलाच नव्हता. पहिल्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आले, तेव्हा वहिनींनी पलंगावर चादर घालून ठेवली होती. ते आडवे झाले आणि पाच मिनिटांत उठून कपाटाचा करकरणारा दरवाजा काढायला लागले. वहिनींनी हातातून पेचकस काढून घेतला. दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी सरकवताना सापडले. तिसऱ्या दिवशी वहिनी खुर्ची घेऊन दारातच बसल्या, निवडायचं धान्य मांडीवर घेऊन. "अहो, ज्या कामासाठी घरी आलात ते काम करा," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा."

"झोप येत नाही."

"मग नुसते मिटा."

पहिला आठवडा असाच चिडचिडीत गेला. गिऱ्हाइकं कुरकुरली, दुपारी शटर का बंद म्हणून. पण दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ते जे झोपले, ते वहिनींनी दिवेलागणीला हलवून उठवेपर्यंत उठलेच नाहीत. उठल्यावर म्हणाले, "जेवायला काय आहे?" वहिनींनी मला जिन्यात गाठून ही बातमी सांगितली, घरात पाळणा हलल्यासारखी.

त्यांच्या वस्तऱ्याखाली पहिल्यांदा पुन्हा मान द्यायला मीच गेलो. खरं सांगतो, या वेळी थरथर माझ्या बाजूने होती. धाकट्यांनी आधी हात पुढे धरला, बोटं पसरून. आम्ही दोघांनी तो बघितला. हात स्थिर होता. मग त्यांनी इतकी हळुवार दाढी केली, की मला मध्येच डुलकी लागली.

आता यात एक गोष्ट धाकट्यांना माहीत नव्हती. मलाही नव्हती, एका दुपारपर्यंत. त्या दुपारी जिन्यात थप असा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा थप. पावलांचा नव्हे. मी दार उघडून वर बघितलं. दादा एक जाड उशी बुडाखाली बांधून पायरीवर बसले होते. दोन्ही हात मागे टेकवून त्यांनी अंग उचललं, खालच्या पायरीवर टेकवलं, मग हातांनी पाय एकेक करून पुढे घेतले. थप.

"दादा! थांबा, मी येतो!"

"बाजूला व्हा, सर," ते म्हणाले. "आणि ओरडू नका. तो झोपलाय."

ते घामाने चिंब झाले होते आणि चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की मी खरोखरच बाजूला झालो. मग समजलं, की भाऊ घोरायला लागला की हे रोजचं नाही, पण एक दिवसाआड चाललेलं होतं. वहिनी सामील होत्या. आधी ते वरच्या वळणाच्या निम्म्यापर्यंतच येऊन परत गेले. पुढच्या वेळी वळणापर्यंत. "मधला दिवस हातांना सुट्टी," दादा म्हणाले. "त्याला शिकवतो आणि स्वतः करत नाही, असं नको." इतकी वर्षं हातांवर अंग उचलून आणि कात्र्या घासून त्यांचे दंड मुळातच भक्कम होते. पण जिना जमेल का, हे कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. दर वेळी कोणीतरी पाठ घेऊन तयार असायचं.

त्या रविवारी धाकटे दुकानात एका गिऱ्हाइकाला साबण लावत असताना दारात खुर्ची येऊन थांबली. खुर्ची मी ढकलत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. धाकट्यांच्या हातात ब्रश तसाच राहिला. "कोणी आणलं तुला?"

"रस्त्यावरून सरांनी. जिन्यावरून मी."

"तू म्हणजे?"

"मी म्हणजे मी."

धाकटे आधी रागावले. पडला असतास तर, डोकं फुटलं असतं तर, मला का नाही सांगितलं. बोलता बोलता त्यांनी ब्रश ठेवून दिला. ते आरशाकडे तोंड करून उभे राहिले, पण आरशात तर सगळ्यांना सगळं दिसतं. साबण लावलेला माणूसही डोळे पुसायला लागला, आणि साबण डोळ्यांत जाऊन आणखी रडला.

संध्याकाळी प्रश्न आला वर जायचा. उतरणं जमलं तरी अख्खे दोन मजले चढणं दादांच्या आवाक्यात नव्हतं. त्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांनी नेलं. आणि भावांमध्ये करार झाला: उतरायचं दादांनी, चढवायचं धाकट्यांनी. पण कोच म्हणेल तेव्हाच.

धाकटे पुन्हा जिममध्ये गेले, तेव्हा कोचने त्यांच्या हातात सुरुवातीपेक्षाही हलकं वजन दिलं. त्यांना लाज वाटली. शेजारी एक आजी त्यापेक्षा जड उचलत होत्या. पण या वेळी त्यांनी ऐकलं. एक दिवस पाय, मग सुट्टी, मग पाठ, मग पुन्हा सुट्टी. खांद्यांना अगदी थोडं. दुकान दुपारी बंद ठेवायची सवय त्यांनी तशीच ठेवली, आणि गिऱ्हाइकंही रुळली. रात्री कमी झोप झाली असेल, तर कोच दारातूनच परत पाठवायची आणि ते वाद न घालता परत यायचे. ही सुधारणा मला वाटतं दंडांपेक्षा मोठी होती.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी दारात उभा राहून ऐकत होतो. एका जोडीची पावलं, दोन माणसांचा भार. वळणावर पावलं थांबली. मी पहिली पायरी चढलो. पण वरून धाकट्यांचा आवाज आला, "काही नाही सर, इथे आम्ही जरा दम खातो." आणि दादांचा, "हा दम खातो. मी हवा खातो." मग पावलं पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या मजल्याचं दार उघडल्याचा आवाज आला. वहिनींचं हसू तळमजल्यापर्यंत पोहोचलं.

परवा धाकटे प्रवासासाठी माझी बॅग मागायला आले. त्यांची बहीण दुसऱ्या गावात राहते, तिसऱ्या मजल्यावर. दादांच्या अपघातानंतर तीच इकडे येते. दादांनी तिचं घर बघितलेलंच नाही. भाचीच्या हातची चित्रं भिंतभर लावली आहेत म्हणे, ती दादांना बघायची आहेत.

"तीन मजले?" मी म्हणालो.

"तीन," धाकटे म्हणाले. "पण कोचशी बोललोय. प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडून ठेवायला सांगितलंय ताईला. वर पोहोचलो की दुसऱ्या दिवशी मी कशालाच हात लावणार नाही. ताईला कळवून टाकलंय, पाहुणा म्हणून येतोय, काम सांगायचं नाही."

"आणि दादा?"

"तो म्हणतो, त्यालाही दोन दिवस सुट्टी हवी, उतरायच्या आधी. म्हणून चार दिवस राहणार आहोत." त्यांनी बॅग खांद्याला अडकवली, मग काहीतरी आठवून ती खांद्यावरून काढून हातात घेतली. "सर, दाढी आजच करून घ्या. आठवडाभर दुकान बंद."

मी टॉवेल घेऊन त्यांच्यामागून निघालो.